फेरेटचे पोट, मालकाचा हिशोब

फेरेट हा मुंगसासारखा लांबट, आखूड पायांचा प्राणी. मुंगसाशी मात्र त्याचे नाते नाही. तो पाणमांजराच्या कुळातला. युरोपातल्या रानटी पोलकॅटपासून माणसाने त्याला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याही आधी, माणसाळवले ते सशांच्या बिळात शिरवण्यासाठी. स्पेनजवळच्या बालेआरिक बेटांवर सशांनी शेती उद्ध्वस्त केली, तेव्हा तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली, असे प्लिनी लिहितो. त्याच सशांविषयी सांगताना ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो एक तपशील देतो. बिळात सोडण्यापूर्वी फेरेटच्या तोंडाला मुसके बांधत. कारण उघड आहे. मोकळ्या तोंडाचा फेरेट बिळातच ससा मारणार, पोटभर खाणार आणि तिथेच झोपणार. मालक वर ताटकळत बसणार. ते मुसके मला या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटते. फेरेटने काय खावे हे त्याच्या आतड्याने क्वचितच ठरवले. त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे आणि त्याच्यावर किती खर्च करायचा, यावरून ते ठरत आले, आणि त्याची किंमत त्याच्या पचनाने मोजली.

इंग्लंडमध्ये नॉर्मन राजवटीबरोबर ससे आले आणि ते राखीव कुरणांत पाळले जाऊ लागले. सशाचे मांस आणि कातडे दोन्ही मौल्यवान होते. त्यामुळे ससा पकडून देणारे जनावर कोणी बाळगावे हा राज्याचा प्रश्न झाला. 1390 च्या कायद्याने वर्षाला 40 शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसाला आणि 10 पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाच्या धर्मगुरूला फेरेट, शिकारी कुत्री आणि जाळी बाळगायला मनाई केली. अशा समाजात पकडलेला ससा फेरेटच्या वाट्याला येणे कठीणच. पुढच्या काळात त्याचे नेहमीचे खाणे म्हणून दुधात कुस्करलेला पाव रूढ झाला. एकोणिसाव्या शतकात ही रीत इतकी पक्की होती की अनेकांना दुसरे काही सुचतच नसे. आपल्याकडे नागपंचमीला नागापुढे दूध ठेवण्यामागे श्रद्धा असते. इथे हिशोब होता. पाव-दूध स्वस्त होते, घरात होते. त्याला एका समजुतीचीही जोड मिळाली: मांस दिले की फेरेट हिंस्र होतो, मालकाला चावतो. मांसाहारी प्राण्याला मांसापासून दूर ठेवण्यासाठी याहून सोयीची समजूत सापडली नसती.

आता त्याच्या पोटात पाहू. फेरेटचे आतडे शरीराच्या मानाने आखूड असते. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते तिथे इतर अनेक सस्तन प्राण्यांना असते तशी अंधांत्राची पिशवी त्याला नाही, आणि दोन आतड्यांमधली झडपही नाही. खाल्लेले अन्न साधारण 3 ते 4 तासांत बाहेर पडते. तंतुमय पदार्थ आंबवून त्यांतून काही मिळवायला ना जागा आहे, ना वेळ. पिष्ट पदार्थ पचवण्याची ताकद तुटपुंजी आणि प्रौढ वयात दुधातली साखर पचवणेही अवघड. त्याला हवे असते ते प्राणिज प्रथिन आणि चरबी. आज पशुवैद्य आहारात किमान 30 ते 35 टक्के प्रथिने आणि 15 ते 20 टक्के चरबी सुचवतात, तीही थोडी थोडी, दिवसातून अनेकदा. अशा आतड्यात पाव-दूध गेले की मल पातळ आणि उग्र वासाचा होणार. फेरेट जात्याच घाणेरडा, ही जुन्या काळची बदनामी बऱ्याच अंशी त्याच्या ताटातून आली, असे माझे मत आहे. त्याला स्वतःचा वास आहेच, पण पिंजऱ्यातल्या ओल्या, आंबूस दुर्गंधीचे खापरही त्याच्याच माथी फुटले.

यावर एक आक्षेप सहज येईल: हे खाणे इतके वाईट होते, तर पिढ्यानपिढ्या फेरेट जगले कसे? जगले, कारण त्यांचे खाणे केवळ पाव-दूध कधीच नव्हते. शिकारीच्या दिवशी सशाचे काळीज, आतडी असा न विकला जाणारा कोथळा त्यांना मिळे, उंदीर-घुशी सापडत, आणि दुधातही प्रथिने असतातच. शिवाय जगणे आणि निरोगी असणे यांतला फरक मोजणारे तेव्हा कोणी नव्हते. कामाचे जनावर थकले की दुसरे आणले जाई. आजार समजून घेण्याइतकी त्याची किंमत नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कुत्रा माणसाच्या सहवासात राहून पिष्ट पचवायला शिकला, त्याच्या जनुकांत तसा बदल झाल्याचे 2013 मध्ये दाखवले गेले. मग फेरेटही बदलला नसेल का? पण कुत्र्याने माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे जास्त काढली. फेरेटमध्ये माणसाने निवडला तो शांत स्वभाव आणि बिळात शिरण्याची ओढ. त्याच्या आतड्याची रचना आजही रानटी पोलकॅटसारखीच आहे.

1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि दोन-तीन वर्षांत तिथले बहुतेक सगळे ससे मेले. फेरेटचे काम गेले. पुढच्या दशकांत तो घरातला लाडका प्राणी झाला. अमेरिकेत ही लाट 1980 च्या दशकात जोरात आली. आता त्याच्या पोटाची काळजी घेणारी माणसे आली, पण ताटाचा निर्णय पुन्हा दुसऱ्याच कारणाने झाला. कोरडा दाणेदार खाऊ एक्स्ट्रूडर यंत्रातून काढतात, आणि दाण्याला आकार यायला, तो फुगायला पिष्ट लागते. मुसक्याची जागा यंत्राच्या गरजेने घेतली. आधी मांजराचा, वेळप्रसंगी कुत्र्याचाही खाऊ दिला गेला. वनस्पतिज प्रथिनांच्या स्वस्त खाऊमुळे लघवी अल्कधर्मी होऊन मूतखडे होतात, हे पशुवैद्यांनी त्यातूनच ओळखले. मध्यम वयाच्या फेरेटमध्ये स्वादुपिंडाची इन्सुलिन स्रवणारी गाठ, इन्सुलिनोमा, वारंवार दिसू लागली. तिचा दोष सरळ पिष्टावर टाकण्याचा मोह होतो, पण तो कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. मोजक्या पैदाशींतून आलेला वंश हेही एक संभाव्य कारण आहे. प्रत्येक जुलाबही आहारामुळे होत नाही. 1993 मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात पसरलेल्या हिरव्या जुलाबांच्या साथीमागे कोरोनाविषाणू होता, आणि जठराला सूज आणणारा हेलिकोबॅक्टर मुस्टेली हा जीवाणू फेरेटांत सर्रास आढळतो. ही कारणे मान्य करूनही मूळ मुद्दा ढळत नाही: विषाणूने आणि जीवाणूने पोखरलेल्या आतड्याला न पचणारे अन्न देणे हा दुसरा घाव आहे.

मग खाऊविक्रेते आणि काही मालकही म्हणतात, तो स्वतःच दाणे आवडीने खातो, मांस पुढे ठेवले तर हुंगून निघून जातो. हे निरीक्षण खरे आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. पोलकॅट आणि फेरेट कोवळ्या वयात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ज्या भक्ष्याचा वास शिकतात तेच पुढे अन्न म्हणून ओळखतात, हे 1970 च्या दशकातल्या प्रयोगांतून दिसले. त्या काळात फक्त दाणे मिळालेल्या पिलाला मोठेपणी कोंबडीचे काळीज अन्न वाटतच नाही. म्हणून मोठ्या फेरेटला मांसाकडे वळवायला मालकाला आठवडेच्या आठवडे दाण्यांत मांसाचा रस मिसळत बसावे लागते, आणि कितीतरी जण मध्येच थकतात. पिलू विकत घेणाऱ्याच्या हाती ते येते तेव्हा त्याची आवड बरीचशी ठरून गेलेली असते. उंदीर, कोंबडीची पिले, निरनिराळे मांस यांचा वास पिलांच्या नाकाशी न्यायचा तो पैदास करणाऱ्याने, आईचे दूध सुटत असतानाच.