गुणकाचे सूत्र आणि भारतीय अर्थव्यवस्था : अभ्यासक्रमातील एका प्रश्नाचा इतिहास

विद्यापीठीय अर्थशास्त्राच्या मधल्या टप्प्यावर समग्रलक्षी विश्लेषणाचा जो अभ्यास होतो, त्यात गुणकाच्या सिद्धान्ताला मध्यवर्ती स्थान आहे. आरंभीच्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न, उपभोग व गुंतवणूक या संज्ञांचा परिचय झालेला असतो. पुढे या राशी परस्परांना कशा निश्चित करतात, हे विद्यार्थ्याला समीकरणांनी सिद्ध करावे लागते. मात्र या समीकरणांमागील गृहीतके कोणत्या परिस्थितीतून आली, हे सांगावयाचे पुष्कळदा राहून जाते.

गुणकाची कल्पना रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये मांडली. तो महामंदीचा काळ होता. ब्रिटनमध्ये यंत्रे थांबलेली होती आणि काम करण्यास तयार असलेले मजूर बेकार होते. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना रोजगाराच्या उपपत्तीत गोवली. १९३७ मध्ये जॉन हिक्स यांनी केन्सचे प्रतिपादन दोन वक्ररेषांच्या आकृतीत बसविले व तीच आकृती पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झाली.

सूत्र सोपे आहे. वाढीव उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयातील ८० पैसे उपभोगावर खर्च होत असतील, तर गुणक ५ येतो. ९० पैसे खर्च होत असतील, तर तो १० होतो. दरिद्री देशात वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग उपभोगात जातो. म्हणजे देश जितका दरिद्री, तितकी गुंतवणुकीची फलश्रुती अधिक, असा विपरीत निष्कर्ष निघतो!

या विसंगतीची मीमांसा व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्ये 'इंडियन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात केली. भारतातील बेकारी मुख्यतः प्रच्छन्न स्वरूपाची आहे. शेती कुटुंबाच्या श्रमावर चालते व उत्पन्नाचा बराच भाग घरातच वापरला जातो. उत्पादन वाढविण्यास लागणारी साधनेही सहज उपलब्ध नसतात. अशा स्थितीत मागणी वाढली, तरी पुरवठा तितक्या तत्परतेने वाढत नाही. पैशातील उत्पन्न वाढते. पण त्याचा पुष्कळसा भाग भाववाढीत विरून जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मुंबई विद्यापीठातील सी. एन. वकील व पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला. प्रच्छन्न बेकारांना कामावर लावावयाचे, तर त्यांच्यासाठी अन्न व वस्त्र यांसारख्या वेतनवस्तूंचा पुरेसा साठा हवा. त्याची उणीव हीच रोजगारवाढीची खरी मर्यादा होय, असे त्यांनी दाखविले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांवर भर दिला, त्याच वर्षी हा विचार पुढे आला, हे लक्षणीय आहे.

तथापि यावरून केन्सचा विचार भारतास सर्वथा गैरलागू ठरतो, असे नव्हे. १९६५ नंतर औद्योगिक वाढ मंदावली, कारखान्यांतील उत्पादनक्षमता पडून राहू लागली, तेव्हा अपुऱ्या मागणीचा प्रश्न येथील अर्थशास्त्रज्ञांना पुन्हा विचारात घ्यावा लागला. शेतीतील पुरवठ्याची मर्यादा व उद्योगातील मागणीची उणीव या दोन्ही गोष्टी एकाच अर्थव्यवस्थेत एकाच काळी संभवतात.

म्हणून सूत्र पाठ करणे हा अभ्यासाचा निम्माच भाग होय. समोरच्या देशात रिकामे काय आहे, मजूर, यंत्र की धान्याचे कोठार, हे आधी पाहिल्यावाचून त्या सूत्राने काढलेले उत्तर गणिताच्या दृष्टीने अचूक असूनही धोरणाच्या दृष्टीने घातक ठरू शकते.