मेंढरं, माती आणि इंग्रजी

१ जून १८६८ रोजी अमेरिकेचं सरकार आणि नवाहो लोक यांच्यात झालेल्या कराराची दोन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. सहाव्या कलमात नवाहोंनी आपल्या सहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना शाळेत धाडायचं कबूल केलं आणि सरकारनं दर तीस मुलांमागे एक शाळागृह व प्राथमिक इंग्रजी शिक्षण देऊ शकेल असा एक शिक्षक पुरवायचं. बाराव्या कलमात सरकारनं पंधरा हजार मेंढ्या-बकऱ्या विकत घेऊन देण्याचं मान्य केलं. चार वर्षांपूर्वी किट कार्सनच्या फौजेनं याच लोकांची शेतं जाळून, पीचच्या बागा तोडून, त्यांना शेकडो किलोमीटर पायी चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेऊन कोंडलं होतं. तिथून घरी परतण्याची किंमत म्हणून केलेला हा करार. मेंढ्या दीडएक वर्षात मिळाल्या. दर तीस मुलांमागे शिक्षक हे वचन मात्र कित्येक दशकं कागदावरच राहिलं आणि ज्या शाळा निघाल्या त्यांचा मेंढरांशी उभा दावा होता.

हा इतिहास आज पुन्हा काढण्याचं कारण आहे. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवताना त्यांचे सण, आजी-आजोबांच्या गोष्टी, परसातली वाफ्यांची शेती, पाणी आणि माती यांचाच धडा करावा, हा विचार अमेरिकन शाळांत आता चांगलाच रुळला आहे. विचार चांगला आहे, पण तो मांडताना बहुधा असं गृहीत धरलं जातं, की मुलाच्या ओळखीचा विषय पुस्तकात आला म्हणजे काम झालं. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या नवाहो मुलखात हा प्रयोग विसाव्या शतकात दोनदा झाला. दोन्ही वेळा धड्यांत मेंढ्या होत्या, माती होती, नवाहो भाषाही होती. निकाल मात्र फार वेगळे लागले. माझ्या मते फरक विषयाचा नव्हता, अभ्यासक्रम कोणाच्या हाती होता याचा होता.

या दोन्ही प्रयोगांआधीची निवासी शाळांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तिच्यात शिकवण्याचा विचार फारसा नव्हताच. केस कापायचे, नाव बदलायचं, घरची भाषा बोलली की शिक्षा करायची आणि अर्धा दिवस शाळेचं धुणं-भांडी, शेतकाम मुलांकडूनच करून घ्यायचं. १९२८ च्या मेरिअम अहवालानं या शाळांचे वाभाडे काढले. एका मुलाच्या दिवसभराच्या जेवणासाठी सरासरी अकरा सेंट खर्च होत असल्याची नोंद त्यात आहे. या अहवालानंतर वारं फिरलं. १९३३ साली आदिवासींचा कारभार पाहणाऱ्या इंडियन खात्याचा आयुक्त झालेला जॉन कोलियर हा आदिवासी संस्कृतींचा मनापासून चाहता होता, आणि १९३६ पासून शिक्षण विभाग सांभाळणारा विलर्ड बीटी प्रगतिशील शिक्षण चळवळीतला मोठा माणूस. त्यांच्या काळात दूरच्या वसतिगृहांऐवजी वस्तीजवळ दिवसाच्या शाळा निघाल्या, नवाहोसाठी सुटसुटीत लिपी घडली आणि १९४० पासून ॲन नोलन क्लार्क यांची ‘लिटल हर्डर’ ही पुस्तकमाला आली. मेंढरं राखणाऱ्या एका छोट्या नवाहो मुलीचं वर्ष त्यात ऋतूंनुसार मांडलं आहे. मजकूर इंग्रजी आणि नवाहो दोन्ही भाषांत आहे, चित्रं होक डेनेत्सोसी या नवाहो चित्रकाराची. आजच्या कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात नमुना म्हणून फिरवावीत अशी ही पुस्तकं.

पण पुस्तकातली मेंढरं सुखात चरत असताना त्याच खात्यानं बाहेर काय चालवलं होतं? कोलोरॅडो नदीवर तेव्हा प्रचंड बोल्डर धरण बांधलं जात होतं. नवाहो मुलखात अतिचराईनं जमीन धुपते आहे, तो गाळ नदीतून वाहत येऊन धरण भरून टाकेल, असा हिशेब तज्ज्ञांनी मांडला आणि कळप कमी करण्याचा हुकूम निघाला. १९३४ च्या मोहिमेत विकत घेतलेल्या बकऱ्या रेल्वेपर्यंत हाकत नेणं परवडेना, तेव्हा ठिकठिकाणी त्या गोळ्या घालून तिथेच कुजत टाकल्या गेल्या. पुढे चराईचे परवाने आले. दहा-बारा वर्षांत कळप निम्म्यावर किंवा त्याखाली आले. हे ज्या समाजात घडलं, तिथे तान्ह्या बाळाची नाळ मेंढवाड्यात पुरायची चाल होती, मूल मोठं होऊन जनावरांत रमावं म्हणून. कळपाची मालकी मोठ्या प्रमाणात बायकांकडे होती. मांस, लोकर, मागावर विणलेली घोंगडी, लेकीला द्यायचा वाटा, सगळं त्यातूनच चाले. सरकारी साहेब मात्र वाटाघाटी करत ते पुरुषांच्या परिषदेशी. १९३५ मध्ये आदिवासींच्या स्वशासनाच्या, कोलियरच्या लाडक्या कायद्याला नवाहोंनी मतदानात नकार दिला, त्यामागे या बकऱ्या होत्या. अशा वेळी शाळेत मृदसंधारणाचे धडे घेणाऱ्या मुलाला ‘जमीन जपा’ या वाक्याचा घरच्या अनुभवातून लागणारा अर्थ ‘तुझ्या आजीच्या बकऱ्या मारा’ असाच होता.

इथे एक आक्षेप रास्त आहे. जमीन खरोखरच धुपत नव्हती का? धुपत होती. माणसं वाढली होती, कळप वाढले होते आणि कुरणं तेवढीच होती. परंपरा आहे म्हणून ती जमिनीला हितकारकच असते, हे भाबडेपण नवाहोंच्या बाबतीतही चालणार नाही. पण ओढे-नाले खोल कापले जाणं हे त्या काळात अमेरिकेच्या सगळ्या नैर्ऋत्य भागात चालू होतं, त्याला पाऊसमानातल्या बदलांचाही हात होता, आणि सगळं खापर मेंढ्यांवर फोडणं धरणवाल्यांना सोयीचं होतं. इतिहासकार मार्शा वायझिगर यांचा मुद्दा मला इथे निर्णायक वाटतो. अतिचराई खरी होती असं त्या मान्य करतात, पण कळप पाळणाऱ्या बायकांना विचारात न घेता योजना लादल्यामुळे जमिनीच्या संवर्धनाचा शब्दच पुढच्या पिढ्यांसाठी विटला, असं त्यांनी दाखवलं आहे. तज्ज्ञ निदानात बरोबर असले तरी त्यांचं शिक्षण फसू शकतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण सहसा सापडत नाही.

दुसरा प्रयोग १९६६ च्या उन्हाळ्यात ब्लॅक मेसा पठाराच्या पायथ्याशी, रफ रॉक इथे सुरू झाला. सरकारी इमारत आणि दारिद्र्यनिर्मूलन खात्याचा पैसा एका नवाहो विश्वस्त संस्थेमार्फत गावानं निवडलेल्या शिक्षण मंडळाच्या हाती आला. या मंडळातल्या बहुतेकांनी शाळेचं तोंड फारसं पाहिलेलं नव्हतं आणि सभा नवाहोत चालत. पहिले संचालक रॉबर्ट रोसेल हे गोरे, त्यांच्या पत्नी रूथ नवाहो. दोन वर्षांत संचालकपद डिलन प्लॅटेरो या नवाहो शिक्षकाकडे गेलं. आईबाप पाळीपाळीनं वसतिगृहात राहायला आले. म्हातारे रात्री मुलांना गोष्टी सांगू लागले. लहान मुलांना नवाहोत शिकवत बरोबरीनं इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवली जाई. शाळेनं स्वतःचं अभ्यासक्रम केंद्र काढून पुस्तकं छापली. त्यात कोल्ह्याच्या जातीच्या कायोटी या लबाड प्राण्याच्या कथाही होत्या. या कथांना पथ्य आहे. पहिलं दव गोठल्यापासून वसंतातला पहिला गडगडाट होईपर्यंतच त्या सांगायच्या, कारण तेवढ्या काळात साप-अस्वलं झोपलेली असतात. बोटांत दोरा गुंफून आकृत्या करण्याचा खेळही हिवाळ्यातलाच, कोळी दडून असताना खेळायचा. म्हणजे मे महिन्यात तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याला कायोटीचा धडा ऐकायचा असेल तर तो ऐकायला मिळू नये, हे इथलं शिस्तीचं लक्षण. परंपरेला स्वतःचं वेळापत्रक असतं, आणि ते पाळण्याचा अधिकार असेल तरच शाळेत परंपरा आली असं म्हणता येतं. एरवी भिंतीवर चिकटवलेली चित्रं उरतात.

यावर टीका झालीच. शिकागो विद्यापीठाच्या डोनाल्ड एरिक्सन यांनी १९६९ मध्ये दिलेल्या मूल्यमापन अहवालात रफ रॉकच्या मुलांची शैक्षणिक प्रगती इतर शाळांपेक्षा सरस नसल्याचं म्हटलं. त्यावरून मोठा वाद पेटला. तीन वर्षांच्या शाळेला असं मोजणं घाईचं होतं, तरी प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. नवाहोत आणि रीतिरिवाजांत घालवलेला वेळ इंग्रजीतून वजा होतो का? हा प्रश्न आपल्याकडच्या पालकांच्याही तोंडी असतोच. त्याचं उत्तर जवळच्याच रॉक पॉइंटच्या शाळेनं अधिक चोखपणे दिलं. १९७० च्या दशकात तिथे वाचन आधी नवाहोत शिकवत आणि इंग्रजी वाचनाला दुसरीच्या मध्यावर हात घालत. बोलण्यापुरती इंग्रजी मात्र पहिल्यापासून असे. पॉल रोसियर आणि वेन होम यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, थेट इंग्रजीतून वाचायला शिकलेल्या तशाच नवाहो मुलांशी तुलना करता, रॉक पॉइंटची मुलं वरच्या इयत्तांतल्या इंग्रजीच्या प्रमाणित चाचण्यांत पुढे होती, आणि हे अंतर इयत्तेगणिक वाढत गेलं. एका शाळेवरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही, हे खरं. पण वेळ वजा होण्याचं गणित त्या मुलखात तरी खोटं ठरलं.

आणि इंग्रजी कशासाठी, याचंही उत्तर तिथेच मिळालं. रफ रॉकच्या डोक्यावरच्या ब्लॅक मेसावर कोळसा काढण्याचे परवाने १९६४ आणि १९६६ मध्ये पीबॉडी कंपनीला मिळाले. कोळसा भूगर्भातल्या पाण्यात कालवून २७३ मैलांच्या नळातून वीजकेंद्राकडे पाठवला जाई, त्या वाळवंटातल्या गोड्या पाण्यात! त्याआधीपासून नवाहो जमिनीत युरेनियमच्या खाणी होत्या. पाचशेहून अधिक खाणी पुढे तशाच सोडून दिल्या गेल्या, आणि जुलै १९७९ मध्ये चर्च रॉक इथला बांध फुटून किरणोत्सारी पाणी प्वेर्को नदीत गेलं, जिथे मेंढ्या पाण्यावर येत. करार, अहवाल, न्यायालयं हे सगळं इंग्रजीत. या लोकांना जमीन जपायची तर इंग्रजी लागणारच होती, तीही पोटापुरती तोडकीमोडकी नव्हे. १९७४ साली नवाहो कम्युनिटी कॉलेजनं रूथ रोसेल आणि ब्रॉडरिक जॉन्सन यांच्या संपादनाखाली मेंढरं कमी करण्याच्या मोहिमेच्या आठवणी इंग्रजीत छापल्या. ती मोहीम प्रत्यक्ष भोगलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांचीच साक्ष त्यात आहे. ‘लिटल हर्डर’मधली इंग्रजी खात्याची होती, या पुस्तकातली इंग्रजी नवाहोंची. २००५ मध्ये नवाहो परिषदेनं आपल्या हद्दीत युरेनियम उत्खननाला कायद्यानं बंदी घातली. ही बंदी रफ रॉकनं घडवली असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण स्वतःच्या रूढ न्यायाला आधुनिक कायद्याच्या भाषेत उभं करणारी माणसं अशा शाळांच्या चळवळीच्या वातावरणात वाढली होती.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत बोचरा आहे. एवढं करूनही नवाहो भाषा मागे हटलीच. १९७० च्या सुमारास शाळेत येणारी बहुतेक मुलं नवाहो बोलत येत. आज बहुतेक मुलं इंग्रजी बोलत येतात, आणि १९८६ पासून फोर्ट डिफायन्ससारख्या ठिकाणी नवाहोच दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचे वर्ग काढावे लागले. दूरचित्रवाणी, डांबरी रस्ते, शहरातल्या नोकऱ्या यांच्याशी एकटी शाळा झुंजू शकत नाही, आणि वर्षावर्षाच्या अनुदानावर चालणारी तर नाहीच. ही शाळेची मर्यादा मान्य केली तरी इंग्रजी शिकवण्याविषयी या शाळांनी जे सिद्ध केलं ते पुसलं जात नाही. महाराष्ट्रात हाच प्रश्न आश्रमशाळांत उभा आहे, फक्त तिथे वारली, कोरकू, माडिया मुलांपुढे इंग्रजीच्या आधी मराठीच परकी म्हणून येते. वारली चित्रांनी शाळेच्या भिंती रंगवायला आपण तयार असतो, पण काय आणि केव्हा शिकवायचं हे गावकऱ्यांना ठरवू द्या म्हटलं, की अडाणी माणसांना त्यातलं काय कळतं, असा प्रश्न येतो. रफ रॉकच्या पहिल्या मंडळाबद्दलही हाच प्रश्न विचारला गेला होता. पुढच्या वेळी तो कानावर आला, तर विचारणाऱ्यापुढे रॉक पॉइंटचे निकाल ठेवावेत.