प्राण्याचे सोंग (घरगुती)

शाळेचे स्नेहसंमेलन, वेशभूषा स्पर्धा किंवा घरातले नाटक यांसाठी जुने कपडे, पुठ्ठा, कापूस आणि चिंध्या वापरून मुलाला घरीच करून दिलेला प्राण्याचा वेष. भाड्याने मिळणारा केसाळ पोशाख मुलाला डोक्यापासून पायापर्यंत झाकून टाकतो. घरगुती सोंगाची रीत याच्या उलट आहे. प्राण्याच्या दोन-तीन ठळक खुणा निवडायच्या, त्या नीट साधायच्या आणि बाकीचा प्राणी मुलाच्या चालीवर, आवाजावर सोपवायचा.

या रीतीला जुना आधार आहे. गोव्यातील शिगम्यात घोडेमोडणीचा नर्तक कमरेला घोड्याचे लाकडी तोंड आणि कापडी झालर बांधतो. पाय त्याचे स्वतःचेच, तरी पाहणाऱ्याला घोडेस्वार दिसतो. जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्यात मुखवटे चढवून सोंगे नाचवतात, आणि तिथेही मुखवट्याइतकेच महत्त्व नाचणाऱ्याच्या चालीला असते. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर १९९७ साली आलेल्या ‘द लायन किंग’मध्ये दिग्दर्शिका जूली टेमॉर यांनी सिंहाचा मुखवटा नटाच्या कपाळावर बसवला आणि चेहरा उघडा ठेवला. लहान मुलासाठी हीच पद्धत सर्वांत चांगली. बंद मुखवट्यात मूल घामाघूम होते, त्याला बाजूचे दिसत नाही आणि पाठ केलेली वाक्ये आतच विरतात.

वाघ हे आपल्याकडचे सर्वांत लाडके सोंग, आणि सर्वांत जास्त चुकणारेही. पिवळ्या कापडावर काळे ठिपके काढले की तो बिबट्या होतो. वाघाचा रंग हळदीसारखा पिवळा नसून नारिंगीकडे झुकलेला असतो, पोट व हनुवटी पांढरी असते. पट्टे पाठीवरून पोटाकडे उतरतात, टोकाला निमुळते होतात आणि दोन्ही कुशींवर सारखे नसतात. म्हणून पट्टीने आखलेले समांतर पट्टे वाघाचे वाटत नाहीत. हाताने, थोडे वाकडेतिकडे काढलेले वाटतात. त्यासाठी नारिंगी सुती टी-शर्ट पुरतो. रंगवताना आत पुठ्ठा सरकवून ठेवावा, नाहीतर छातीवरचा रंग पाठीत उतरतो. कापडावरचा रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवली की तो पक्का बसतो. पोटावर पांढऱ्या कापडाचा लांबट तुकडा धावदोऱ्याने टाचावा.

खरी ओळख पटते ती कानांवरून. वाघाचे कान गोल व आखूड असतात, मांजरासारखे टोकदार नसतात. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी साधारण आठ सेंटिमीटर रुंदीचे गोलसर तुकडे कापून, उलट बाजूने शिवून, सुलटे करून आत पातळ पुठ्ठा घालावा. कानांची मागची बाजू काळी ठेवून मध्ये पांढरा ठिपका शिवावा. खऱ्या वाघाच्या कानामागे तो असतोच. मूल प्रेक्षकांकडे पाठ करून वळते तेव्हा हे दोन ठिपके डोळ्यांत भरतात. कान हेअरबँडवर शिवावेत, नुसते चिकटवू नयेत. चिकटवलेले कान रंगमंचावर पहिल्याच उडीला निघून येतात.

शेपटीसाठी लांब पायमोजा किंवा कापडाची शिवलेली नळी घ्यावी. त्यात कापूस ठासून भरला तर शेपटी काठीसारखी ताठ राहते; सैल भरली की चालताना डुलते. लांबी घोट्यापर्यंतच असावी, कारण जमिनीवर लोळणारी शेपटी मागच्या मुलाच्या पायाखाली येते. ती विजारीला पिनेने टाचण्याऐवजी कमरेच्या नाडीला शिवून नाडी विजारीवरून घट्ट बांधावी. पिनेने लावलेल्या शेपटीच्या ओढीने विजारच खाली सरकते आणि बिचारा वाघ दोन्ही हातांनी कंबर धरून उभा राहतो.

केरळातील त्रिशूरच्या पुलीकळी या लोकनृत्यात मोठी माणसे अंगभर वाघ रंगवून नाचतात. तो रंग काढायला रॉकेल लागत आले आहे, तेव्हा मुलांच्या बाबतीत त्याचे अनुकरण मुळीच नको. ऑइलपेंट आणि पोस्टर कलर कातडीवर लावू नयेत. पाण्याने निघणारा, चेहऱ्यासाठीच बनवलेला रंग आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहावा. नाकाचा शेंडा, चार-सहा मिशा, कपाळावर तीन रेघा एवढे पुरे. कापूस लवकर पेट घेतो, नायलॉन वितळून कातडीला चिकटते. समया-निरांजनांजवळ असे सोंग नेऊ नये.

इतर प्राण्यांतही तत्त्व हेच, खुणा तेवढ्या बदलतात. सशाचे लांब कान उभे राहण्यासाठी आत जाड पुठ्ठ्याची पट्टी लागते. हत्तीला सुपाच्या आकाराचे कान आणि राखाडी पायमोज्याची सोंड. सोंड गळ्यातल्या दोरीला बांधावी, नाकावर लोंबत ठेवू नये. कासवाचा सगळा जीव पाठीत, म्हणून तिथे पुठ्ठ्याचा फुगीर घुमट आणि खांद्यांवरून दोन पट्टे.

मुखवटा हवाच असेल तर तो कागदाच्या लगद्याचा करावा. पूर्वी घरोघरी लगद्याच्या टोपल्या करताना त्यात मेथ्या वाटून घालत, त्याने चिकटपणा येई. असा मुखवटा सावलीत पूर्ण वाळायला काही दिवस लागतात, त्यामुळे आदल्या रात्री बेत ठरला असेल तर हा नाद सोडावा. डोळ्यांची भोके मुलाच्या चेहऱ्यावर खूण करून, पण मुखवटा उतरवून कापावीत.

सोंग संपल्यावर शेपटीतला कापूस काढून ती धुवावी. कान हेअरबँडसकट कापडी पिशवीत ठेवावेत. पुढच्या वर्षी काळ्या कापडाने मढवले की तेच कान अस्वलाला लागतात.