कात्रीने लिहिलेला कायदा

अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेने तिजोरीची किल्ली काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या, हाती दिली. राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार मिळाला, पण तो अख्ख्या विधेयकापुरता. एखादी बाब खटकली म्हणून तेवढीच वगळण्याची सोय नव्हती. साहजिकच, अडवून धरता न येणाऱ्या खर्चाच्या विधेयकांत सदस्य आपापल्या मतदारसंघांची कामे घुसवू लागले.

बाबनिहाय नकाराधिकार हा त्यावरचा तोडगा. गंमत अशी, की तो राष्ट्राध्यक्षाला मिळाला तो १८६१ साली फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या घटनेत! पुढे अनेक घटकराज्यांनी तो आपल्या गव्हर्नरांना दिला. १८७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी आणि शंभरेक वर्षांनी रेगन यांनी तो मागितला. अखेर १९९६ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने कायदा करून तो डेमोक्रॅट क्लिंटन यांच्या हाती दिला.

सिनेटर रॉबर्ट बर्ड यांचा या कल्पनेला कडवा विरोध होता. १९९३ मध्येच त्यांनी रोमच्या इतिहासावर सिनेटमध्ये चौदा भाषणे दिली होती. त्यांचा इशारा स्पष्ट होता: रोमच्या सिनेटची सत्ता कुणी हिसकावली नाही, तिने ती आपल्या हाताने सोडली.

क्लिंटन यांनी १९९७ मध्ये हा अधिकार ८२ वेळा वापरला. २५ जून १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी घटनाबाह्य ठरवला. राष्ट्राध्यक्ष आधी विधेयकावर सही करणार, ते कायदा होणार आणि मग त्यातला भाग ते रद्द करणार. म्हणजे सभागृहांवाचून कायदाच बदलणार, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. मंजूर पैसा खर्च करावा की नाही, याची मुभा काँग्रेस पूर्वापार देत आली आहे, हे विरोधी न्यायाधीशांचे म्हणणेही बिनबुडाचे नव्हते.

मग यात बिघडते कुठे? उत्तर विस्कॉन्सिन राज्यात सापडते. तिथल्या गव्हर्नरला १९३० पासून विधेयकाचे अंश खोडता येतात. अक्षरे खोडून नवे शब्द जुळवण्याची चाल मतदारांनी १९९० मध्ये बंद केली. पण आकडे उरलेच. शाळांची महसूलमर्यादा दर विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलरनी वाढवण्याची तरतूद २०२४-२५ पर्यंतच होती. २०२३ मध्ये गव्हर्नर एव्हर्स यांनी त्यातला '२०' आणि मधली आडवी रेघ खोडली. उरले २४२५! दोन वर्षांची तरतूद चार शतकांची झाली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती उचलून धरली.

शाळांना पैसा मिळावा, हा हेतू चांगलाच होता. परंतु विधिमंडळाने कधीही संमत न केलेला कायदा केवळ खोडण्यातून जन्माला आला. काटकसरीसाठी दिलेली कात्री लेखणीचे काम करू लागली, की किल्ली कुणाकडे आहे हा प्रश्न नावापुरताच उरतो. बर्ड यांना भीती होती ती हीच.