पंढरपुरी म्हैस आणि प्रदेशनामाची मुद्रा

गावाच्या नावास ‘ई’ प्रत्यय जोडून वस्तू ओळखण्याची रीत मराठीत जुनी आहे. सोलापुरी चादर व पंढरपुरी म्हैस ही एकाच जिल्ह्यातील, एकाच घडणीची नामे होत. भौगोलिक निर्देशांविषयीचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन २००३ मध्ये अमलात आला. त्यान्वये २००५-०६ मध्ये सोलापुरी चादरीस व २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीस संरक्षण मिळाले. ती नावे विक्रीच्या मालास लागलेली होती. पंढरपुरी हे नाव मात्र जनावरास लागले. त्याच्या दुधास लागले नाही.

खांद्यामागे दूरवर गेलेली तलवारीसारखी शिंगे ही या म्हशीची खूण. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा हा तिचा कमी पावसाचा मुलूख. ज्वारीचा कडबा हा तिचा मुख्य आधार. तिचे दुसरे घर कोल्हापूर. तेथील दूधकट्ट्यावर गवळी म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमक्ष धार काढतो व धारोष्ण दूध तेथल्या तेथे प्याले जाते. वेळी-अवेळी पान्हा सोडण्याचा या जातीचा गुण त्या व्यवहारास फार उपकारक ठरला. दूध कोणत्या जातीचे, हे सांगण्यास वेगळ्या चिठ्ठीची गरज तेथे नव्हती. शिंगे पुरेशी होती.

दुग्धसंघांच्या व्यवस्थेत हे नाते तुटले. संकलन केंद्रावर दुधाचा भाव स्निग्धांशावरून ठरतो आणि कॅनमध्ये सर्व म्हशींचे दूध एकत्र होते. मग अधिक दूध देणारी मुऱ्हा पशुपालकास परवडते, यात त्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेकडे पंढरपुरी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदलेली आहे. परंतु जातीची नोंद म्हणजे मालाची मुद्रा नव्हे. त्या नोंदीने दुधाच्या भावात पैचीही भर पडत नाही.

तथापि केवळ प्रदेशाचे नाव मालास मिळाले म्हणजे जात तगते, असेही नाही. इटलीतील पार्मिजानो रेज्जानो या चीजच्या नावास विसाव्या शतकाच्या मध्यापासून संरक्षण आहे; तरीही ज्या तांबड्या रेज्जाना गाईच्या दुधावर त्याची कीर्ती उभी राहिली, तिला अधिक दूध देणाऱ्या फ्रीजियन गाईंनी गोठ्यातून हुसकले. चीज राहिले, गाय जवळजवळ गेली. १९९१ पासून केवळ रेज्जाना गाईच्या दुधाचे चीज वेगळ्या खुणेने व चढ्या भावाने विकले जाऊ लागले, तेव्हा कोठे तिची संख्या सावरली. भारतात २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसास निर्देश मिळाला. तेथे मालाच्या नावातच जातीचे नाव असल्याने ही फारकत संभवत नाही. (त्या नावावर छत्तीसगडातील दंतेवाड्यानेही हक्क सांगितला होता, हे नावाच्या बाजारमूल्याचेच द्योतक होय.)

म्हणून निर्णायक ठरतो तो अर्जासोबतचा मालवर्णनाचा मजकूर. ‘पंढरपूर परिसरातील म्हशीचे दूध’ असे शब्द योजल्यास मुऱ्हाचे दूधही त्यात बसते. ‘पंढरपुरी म्हशीचे दूध’ म्हटले की बसत नाही. पहिल्या शब्दयोजनेत ते स्थळाचे विशेषण राहते, दुसरीत जातीचे. मात्र दुसरी स्वीकारली, तर हे दूध वेगळ्या कॅनमध्ये गोळा करण्याचा खर्च कोणीतरी सोसावाच लागेल. पंढरपुरात यात्रेकरू प्रसादाचे पेढे नेतात. त्यांतील खवा कोणत्या म्हशीचा, हे दुकानदारास सहसा कोणी विचारीत नाही.