डेटा फ्युजन म्हणजे काय? मीम ओळखताना मशीन का फसतं?

"आज काय झकास दिसतोस!" हे वाक्य साधंच. चिखलात लोळणाऱ्या रेड्याचा फोटोही साधाच. पण फोटोवर ते वाक्य टाकलं की झाला टोमणा! फक्त मजकूर वाचणारं किंवा फक्त फोटो पाहणारं मॉडेल इथे फसणारच.

म्हणून क्लासिफिकेशन करताना दोन्हीकडची माहिती एकत्र करतात. यालाच डेटा फ्युजन म्हणतात. लेट फ्युजनमध्ये दोन मॉडेल वेगवेगळा स्कोअर देतात आणि शेवटी, उदाहरणार्थ, त्यांची सरासरी काढतात. करायला सोपं, पण मीमसाठी कुचकामी. दोघंही 'ठीक आहे' म्हणाले, तर सरासरी वेगळं काय सांगणार? अर्ली फ्युजनमध्ये फोटो आणि शब्द सुरुवातीलाच एका मॉडेलमध्ये जातात, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध शिकता येतो.

तरी काम अवघडच आहे. फेसबुकने २०२० मध्ये द्वेष पसरवणारे मीम ओळखण्यासाठी १०,००० हून जास्त मीमचा डेटासेट आणला. त्यात मुद्दाम तेच वाक्य वेगळ्या फोटोवर टाकलेले निरुपद्रवी मीमही होते. माणसांची अचूकता सुमारे ८५ टक्के आली; फेसबुकने तपासलेलं सर्वांत चांगलं मॉडेल मात्र ६५ च्या आसपासच अडकलं. अशा मॉडेलवर सगळं सोपवलं, तर तुमची साधी गंमत डिलीट होते आणि खरं विष फॉरवर्ड होत राहतं.