बडीचा डबा : कुत्र्याच्या नाजूक पोटाचा इतिहास

१/ कुत्र्याचे पोट बिघडले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : याला आता खायला काय द्यावे? प्रश्न रोजचा असला तरी त्याच्या उत्तराचा शोध दोन हजार वर्षे चालू आहे. या शोधात रोमन शेतकरी आहेत, तडितरक्षक विकणारा एक अमेरिकन व्यापारी आहे, एक दृष्टिहीन तरुण आहे आणि गहू न सोसणारी काही पिल्लेही आहेत. त्या सर्वांची ही कथा.

२/ प्रारंभ पोटापासूनच करावा लागतो. कुत्र्याचा पूर्वज लांडगा, आणि लांडग्याचे मुख्य अन्न मांस. मग कुत्रा भाकरी पचवतो कसा? २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे उत्तर दिले. पिष्ट पचवणारे अमायलेज नावाचे विकर ज्या जनुकामुळे तयार होते, त्याच्या लांडग्यात साधारणतः दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या उष्ट्यावर कुत्रा जगू लागला आणि त्याचे शरीरही हळूहळू त्या अन्नाशी जुळत गेले.

३/ यातील महत्त्वाची गोष्ट मात्र ४ आणि ३० यांमधील अंतरात आहे. सर्व कुत्र्यांचे पोट सारखे नसते. शेतीपासून दूर राहिलेल्या उत्तर ध्रुवाकडील कुत्र्यांत आणि ऑस्ट्रेलियातील डिंगोत या प्रती थोड्याच सापडतात. ‘कुत्र्याला काय सोसते?’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या कुत्र्याला?’ हा प्रश्न उभा राहतो. पुढचा सारा इतिहास म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचा विसर आणि त्याची पुन्हा पुन्हा झालेली आठवण.

४/ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वारो या रोमन विद्वानाने शेतीवर ग्रंथ लिहिला. मेंढपाळाच्या कुत्र्याला जवाची भाकरी द्यावी, पण ती दुधात भिजवूनच द्यावी, असे तो सांगतो. या अन्नाची सवय लागलेला कुत्रा कळप सोडून जात नाही, हे त्याचे कारण. मेलेल्या मेंढीचे मांस त्याला खाऊ देऊ नये, नाहीतर त्याला त्याची चटक लागते, हा इशाराही तो देतो. सह्याद्रीच्या पठारावर धनगराच्या वाड्यात कुत्र्यापुढे पडणारी भाकरी आणि वारोची ही भाकरी या एकाच गरजेतून आलेल्या आहेत.

५/ पुढच्या शतकात कोलुमेला याने आणखी बारकावा दिला. जवाचे पीठ ताकासारख्या पातळ निवळीत कालवून द्यावे. जेथे दूधदुभते नाही, तेथे गव्हाची भाकरी कडधान्य शिजवलेल्या पाण्यात भिजवून द्यावी. मात्र ते पाणी कोमट असावे, कारण कढत पाण्याने कुत्रा पिसाळतो, असे त्याचे मत. पिसाळण्याचे कारण त्याने चुकीचे सांगितले. पण अन्न कोणते, याबरोबरच ते कसे द्यावे याचाही विचार करणारी ही जुनी नोंद आहे.

६/ शतके लोटली तरी बहुतेक कुत्रे घरातल्या उष्ट्यावर, शिळ्या भाकरीवर आणि खाटकाच्या टाकाऊ मांसावर जगत राहिले. बदल झाला तो १८६० च्या सुमारास. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन व्यापारी तडितरक्षक विकण्यासाठी इंग्लंडला गेला. तेथील गोदीत खलाशांची टाकून दिलेली कडक बिस्किटे कुत्रे खाताना पाहून त्याला कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. गव्हाचे पीठ, बीट, भाज्या आणि मांसाचा अंश असलेली कुत्र्यांची बिस्किटे त्याने बाजारात आणली.

७/ ‘स्प्रॅट्स’ने केवळ बिस्किटे विकली नाहीत, कुत्र्याचे अन्न म्हणजे स्वतंत्र, शास्त्रशुद्ध आणि पाकिटातून येणारी वस्तू, ही कल्पनाही विकली. याच कंपनीत कारकून म्हणून लागलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे कुत्र्यांची जगप्रसिद्ध प्रदर्शने भरवली. १८९१ पासून त्यांना त्याचेच नाव मिळाले. प्रदर्शनातला सुदृढ कुत्रा आणि पाकिटावरचा कुत्रा यांची सांगड येथे बसली. सर्व कुत्र्यांना एकच उत्तम अन्न चालते, हा विश्वासही रुजला. ज्याला ते सोसत नाही, त्याचे पोटच कमजोर, असे समजले जाऊ लागले.

८/ या विश्वासाला पहिला धक्का एका भयंकर रोगाने दिला. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्याच्या पिठावर पोसलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडे, तोंडात व्रण उठत, लाळ गळे, रक्तमिश्रित जुलाब होत आणि कुत्रा मरे. त्याच भागात मका खाणाऱ्या गरीब माणसांना पेलाग्रा होत असे. हे दोन्ही आजार अन्नातील एकाच उणिवेचे, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पष्ट होत गेले. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्लाने ‘काळी जीभ’ बरी करून दाखवली. कुत्र्याच्या पोटाने दिलेल्या साक्षीमुळे असंख्य माणसांना औषध मिळाले.

९/ दुसरा धक्का पांढऱ्या शुभ्र पिठाचा होता. विसाव्या शतकात गव्हाचे पीठ लवकर पांढरे व्हावे म्हणून त्यावर नायट्रोजन ट्रायक्लोराइडची प्रक्रिया करत. त्याच काळात कुत्रे अचानक भेदरून सैरावैरा धावत, त्यांना झटके येत. कोणी जंतांना दोष दिला, कोणी संसर्गाला. १९४६ साली ब्रिटनच्या एडवर्ड मेलानबी यांनी प्रक्रिया केलेले आणि न केलेले पीठ वेगवेगळ्या कुत्र्यांना देऊन पाहिले. झटके फक्त पहिल्या गटाला आले. पुढे ही प्रक्रिया बंद झाली. कुत्र्यात दोष नव्हता, अन्नात होता.

१०/ आता कथेतील दृष्टिहीन तरुणाकडे. मॉरिस फ्रँक हा टेनेसी राज्यातील नॅशव्हिलचा. एक डोळा सहाव्या वर्षी गेला, दुसरा सोळाव्या. डोरोथी ह्यूस्टिस यांनी जर्मनीतील मार्गदर्शक कुत्र्यांवर लिहिलेला लेख १९२७ साली प्रसिद्ध झाला. तो ऐकल्यावर फ्रँकने त्यांना पत्र लिहिले. १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला. १९२९ च्या जानेवारीत ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. बडीमुळे फ्रँक एकटा रस्ता ओलांडू लागला, प्रवास करू लागला, भाषणे देऊ लागला.

११/ अशा माणसाचा कुत्रा आजारी पडणे म्हणजे त्याचे डोळे पुन्हा मिटणे. हिल्स या खाद्यकंपनीच्या कथेनुसार १९३९ साली फ्रँक आपल्या बडीला घेऊन न्यू जर्सीतील पशुवैद्य मार्क मॉरिस यांच्याकडे आला. निदान झाले ते मूत्रपिंडाच्या विकाराचे. प्रथिनांच्या चयापचयातून निर्माण होणारी टाकाऊ द्रव्ये मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती थकली की ही द्रव्ये रक्तात साठतात, मळमळ होते, ओकाऱ्या होतात, कुत्रा अन्नाला तोंड लावत नाही. वरवर पाहता हे पोटाचे दुखणे वाटते. मूळ मात्र दुसरीकडे असते.

१२/ या विकारावर औषध नव्हते. मॉरिस यांनी अन्नच बदलले : प्रथिने मोजकी पण उत्तम प्रतीची, मीठ कमी. मॉरिस आणि त्यांची पत्नी लुईझ हे अन्न घरच्या स्वयंपाकघरात शिजवून काचेच्या बरण्यांत भरून पाठवू लागले. बरण्या वाटेत फुटत, म्हणून पुढे पत्र्याचे डबे आले. मागणी वाढत गेली. १९४८ साली कॅन्सस राज्यातील टोपेका येथील हिल पॅकिंग कंपनीशी करार झाला आणि एका कुत्र्यासाठी शिजलेले जेवण कारखान्यात तयार होऊ लागले.

१३/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे. ही कथा सांगताना बडी म्हणजे अमेरिकेतील ती पहिली मार्गदर्शक कुत्री, असे अनेकदा सुचवले जाते. पण पहिली बडी १९३८ च्या मे महिन्यात मरण पावली. फ्रँकने नंतरच्या प्रत्येक कुत्र्याचे नाव बडीच ठेवले. म्हणजे १९३९ हे साल धरायचे, तर मॉरिस यांच्याकडे आलेली बडी पहिली असूच शकत नाही. एका नावाखाली दोन कुत्र्यांच्या कथा मिसळल्या. जाहिरातीला एकच नायिका सोयीची असते. कालगणनेला ती चालत नाही.

१४/ तरी मॉरिस यांच्या कामाचे मोल कमी होत नाही. ‘सर्वांना एक अन्न’ या स्प्रॅटच्या कल्पनेसमोर त्यांनी ‘या रोगासाठी हे अन्न’ ही कल्पना उभी केली. मूत्रपिंडापाठोपाठ आतड्यांच्या तक्रारींसाठीही पचायला हलके, स्निग्धांश बेताचा असलेले अन्न आले. पण त्याने आणखी एक प्रश्न जन्मला. रोग एकच, अन्न एकच, तरी एक कुत्रा सुधारतो आणि दुसरा नाही, असे का?

१५/ १९८० च्या दशकात ब्रिटनमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी आयरिश सेटर जातीच्या काही कुत्र्यांचा अभ्यास केला. ही पिल्ले खात होती, पण वाळत होती. शौच पातळ होई. त्यांच्या लहान आतड्यातील अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे झिजलेले आढळले. अन्नातून गहू काढला, पिल्ले सुधारली. गहू पुन्हा दिला, आतडे पुन्हा बिघडले. ही खोड अनुवांशिक असल्याचे पुढे दिसून आले. बाकीच्या कुत्र्यांचे पोषण करणारा गहू या काही कुळांना मात्र विषासारखा होता.

१६/ काढून पाहणे आणि पुन्हा देऊन पाहणे, ही साधी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे. कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले एक मांस आणि एकच पिष्ट, इतकेच काही आठवडे द्यायचे. अमेरिकेत एकेकाळी मेंढीचे मांस आणि भात यासाठी निवडत, कारण तेथील कुत्र्यांना मेंढी अपरिचित होती. मग ‘मेंढी-भात म्हणजे नाजूक पोटाचे अन्न’ अशी जाहिरात झाली, सगळेच कुत्रे ते खाऊ लागले आणि त्यातील अपरिचितपणा संपला. गुण मेंढीत नव्हता, नवखेपणात होता.

१७/ त्यावर उपाय म्हणून प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले अन्न आले, की शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा त्यांना ओळखू शकत नाही. दुसरीकडे धान्यालाच खलनायक ठरवणारी लाट आली. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, अन्नामुळे त्वचेचा त्रास होणाऱ्या २९७ कुत्र्यांत सर्वाधिक दोष गोमांसाकडे, त्याखालोखाल दुग्धजन्य पदार्थांकडे आणि कोंबडीकडे गेला. गहू चौथा होता. २०१८ साली अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित खाद्य आणि कुत्र्यांचा हृदयविकार यांतील संभाव्य संबंधाची चौकशी जाहीर केली. एक खलनायक हाकलताना दुसरा घरात येऊ शकतो.

१८/ या पार्श्वभूमीवर मराठी घरातील दूध-भाकरीकडे पाहावे. भाकरी बहुतेक कुत्रे पचवतात; ती क्षमता त्यांच्या जनुकांत आहे. दुधाचे तसे नाही. वाढत्या वयात दुधातील साखर पचवण्याची शक्ती कमी होते आणि पुष्कळ कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. वारोच्या वाडग्यातला अर्धा भाग म्हणूनच सर्वांसाठी नाही. अन्न बदलायचेच असेल तर आठवडाभरात जुने कमी करत नवे वाढवावे. चाचणी चालू असताना एक बिस्किटही वेगळे देऊ नये. ओकाऱ्या, रक्त किंवा वजन घटणे दिसले, तर भांड्याआधी पशुवैद्याचे दार गाठावे.

१९/ स्प्रॅटने जगाला पाकीट दिले, मॉरिस यांनी डबा दिला, लिव्हरपूलच्या पशुवैद्यांनी रीत दिली. या तिन्हींत पाकीट आणि डबा विकता येतात, म्हणून त्यांच्या कथा मोठ्याने सांगितल्या जातात. रीत विकता येत नाही. ती पाळण्यासाठी समोरच्या एका कुत्र्याकडे काही आठवडे नीट लक्ष द्यावे लागते, त्याने काय खाल्ले आणि त्याला काय सोसले याची वही ठेवावी लागते. फ्रँकच्या बडीसाठी कोणीतरी नेमके तेवढेच केले होते.